‘अरिगातो’पलीकडचे आभार

इंदूरलगतच्या पीथमपूर औद्योगिक पट्ट्यात, धार जिल्ह्यातील खेडा येथे, ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायर कारखाना १९९८ पासून चालू आहे. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या मराठी समाजाला जपानी भाषा त्यामुळे नोकरीच्या ठिकाणीही भेटू शकते. नवशिक्याच्या ओठी पहिला येतो तो ‘अरिगातो’, आणि घोटाळाही तेथूनच सुरू होतो. कारण जपानी आभार म्हणजे एक शब्द नव्हे, ती नात्याची आणि ऋणाची मोजणी आहे.

‘अरिगातो’ हा पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’चा अपभ्रंश असल्याचे गोव्यात कुणी सांगितल्यास ते खरेही वाटेल. पण पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले ते १५४३ मध्ये; मूळ जपानी शब्द ‘अरिगाताशी’ त्याहून कित्येक शतके जुना आहे. ‘असणे’ आणि ‘कठीण’ या दोन शब्दांपासून तो झाला, अर्थ, दुर्लभ. इ. स. १००० च्या सुमारास सेइ शोनागोन या दरबारी लेखिकेने अशा दुर्लभ गोष्टींची यादीच दिली आहे. तीत सासूची लाडकी सून आहे आणि सासऱ्याने वाखाणलेला जावईही! दुर्लभतेच्या या भावनेतून पुढे कृतज्ञतेचा अर्थ आला.

मित्राला ‘अरिगातो’ पुरते. वरिष्ठांना वा अनोळखी व्यक्तीला ‘अरिगातो गोझाइमास’ म्हणावे. मदत पुरी झाली असेल तर क्रियापद भूतकाळी जाते: ‘गोझाइमाशिता’. प्रशिक्षण संपल्यावर निरोप घेताना हेच रूप शोभते.

खरी गंमत ‘सुमिमासेन’ या शब्दात आहे. तो क्षमायाचनेचा, व्युत्पत्तीने ‘हे एवढ्यावर मिटत नाही’ अशा अर्थाचा. तरीही कुणी दार धरून ठेवले, पडलेली वस्तू उचलून दिली, की जपानी माणूस सहज ‘सुमिमासेन’ म्हणतो. इंग्रजीच्या वाटेने जपानीकडे जाणारा येथे अडखळतो. मराठी माणसाने अडखळण्याचे कारण नाही. इंदूर असो वा म्हापसा, पाहुणा निघताना ‘तुम्हाला उगाच त्रास दिला’ म्हणतो, तेव्हा तो आभारच मानत असतो. समोरच्याने घेतलेल्या तसदीची दखल हाच दोन्हींचा गाभा.

व्याकरणही परके नाही. ‘समजावून दिले’ या मराठी रचनेप्रमाणे जपानीतही क्रियापदाला ‘देणे’ जोडून उपकार दाखवतात. मात्र मराठीत ‘देणे’ एकच. जपानीत दुसऱ्याने मला देण्यासाठी ‘कुरेरु’ आणि मी दुसऱ्याला देण्यासाठी ‘आगेरु’. आपल्या मदतीबद्दल वरिष्ठांसमोर ‘आगेरु’ वापरणे म्हणजे उपकार बोलून दाखवणे. त्यांच्याकडून काही मिळाले तर विनयाचे ‘इतादाकु’ हे क्रियापद. जेवणाआधी म्हणतात ते ‘इतादाकिमास’ त्याचेच रूप. जेवणानंतर ‘गोचिसोसामा देशिता’.

कामाच्या ठिकाणी दिवसअखेर सहकाऱ्याला ‘ओत्सुकारेसामा देशिता’ म्हणतात. त्यात त्याच्या श्रमाची पोच असते. तशाच अर्थाचे ‘गोकुरोसामा’ वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचे; नव्या कर्मचाऱ्याने ते साहेबांना म्हटल्यास उद्धटपणा ठरतो.

आणखी एक रीत मराठी माणसाला चुकते. आपल्याकडे आभार एकदा मानले की विषय संपतो. घरात तर ‘धन्यवाद’ म्हटले की परकेपणा वाटतो. जपानमध्ये कुणी जेवू घातले असेल, तर पुढच्या भेटीत ‘सेन्जित्सु वा’, म्हणजे ‘परवाबद्दल’, अशी सुरुवात करून पुन्हा आभार मानतात. ते न मानणारा माणूस विसरभोळा नव्हे, कोरडा समजला जातो.

आभारांना उत्तर म्हणून पाठ्यपुस्तके ‘दो इताशिमाशिते’ शिकवतात. रोजच्या बोलण्यात त्याहून अधिक कानी पडते ते ‘इए, इए’. आपल्या ‘छे छे, त्यात काय एवढं!’च्या अगदी जवळचे.