शालेय शिक्षणातील सर्जनशीलता

परिचित गोष्टींची नवी सांगड घालून काही अर्थपूर्ण निर्माण करण्याची क्षमता म्हणजे सर्जनशीलता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या १९५० मधील भाषणाने या विषयाच्या संशोधनाला चालना मिळाली. एकाच बरोबर उत्तराकडे नेणारा तो अभिसारी विचार आणि अनेक उत्तरे धुंडाळणारा तो अपसारी विचार, असा भेद त्यांनी केला. शालेय परीक्षा मोजते ती प्रामुख्याने पहिल्याला. विटेचा उपयोग विचारल्यास 'घर बांधण्यासाठी' हे उत्तर गुण मिळवते. 'दार अडवण्यासाठी' हे उत्तर कोणत्या रकान्यात बसवावे, हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो.

आपल्याकडे सर्जनशीलता बहुधा चित्रकलेच्या तासापुरती मानली जाते, आणि परीक्षा जवळ आली की तो तासही गणिताकडे जातो.

महाराष्ट्रात याहून वेगळा विचार फार पूर्वी झाला होता. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये रुजले. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनी घेतली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात गेली, तीच 'कुरणशाळा'. येथे निर्मितीसाठी वेगळा तास नव्हता. मोजणी आणि भाषा दोन्ही मुलांच्या हाताला लागणाऱ्या वस्तूंतूनच सुरू होत. साधनांच्या टंचाईचे कारण पुढे करणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य अभ्यासावा.

धोरणांत हा विचार उशिरा का होईना, उमटला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य करण्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत काढण्याचे ठरवले. खरी अडचण मूल्यमापनाची आहे. शिक्षक जे तपासले जाणार तेच शिकवतो, आणि त्यात त्याचा दोष थोडाच.

सर्जनशीलता तपासता येतच नाही, हे मात्र खरे नव्हे. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०२२ च्या फेरीत पंधरा वर्षांच्या मुलांचा सर्जनशील विचार प्रथमच तपासला. एकाच प्रश्नावर परस्परांहून भिन्न कल्पना सुचवणे, इतरांना न सुचलेले मांडणे आणि दिलेली कल्पना सुधारणे, असे त्याचे निकष होते. त्यात सिंगापूर पहिले आले. भारत त्या फेरीत सहभागी नव्हता.