तळेगावची फुंकणी

मावळातल्या तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तो 1908 साली. माणशी वर्षाला एक पैसा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि पैशापैशाने जमलेल्या रकमेवर भट्टी पेटली. शिकवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय, जपान-अमेरिकेत काचविद्या शिकलेले.

या विद्येचं कूळ मात्र दूरचं. पूर्वी मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच चढवून एकेक कुपी घडवत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनकडे कुणाला तरी नळीतून फुंकर घालायचं सुचलं आणि काच राजवाड्यातून बाजारात आली. रोममध्ये तांब्याच्या एका नाण्याला पेला मिळतो, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवलंय. तांब्याचं नाणं आणि तळेगावचा पैसा, हा योग मला फार मोलाचा वाटतो. पुढे बायझंटाइन कारागिरांनीही ती फुंकणी खाली ठेवली नाही.

पश्चिमेकडून भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात कच्ची काचही असे, असं इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक सागरी व्यापाराचा ग्रंथ सांगतो. त्याच सुमाराला याच मावळातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं कोरली गेली.

काच फुंकायची नळी म्हणजे चुलीपुढच्या फुंकणीची थोरली बहीण. रेती, सोडा, चुनखडी मुशीत वितळली, की लोखंडी नळीच्या टोकाला मधासारखा रस घ्यायचा, पाटावर लोळवायचा, मग फुंकायचं. जोर जास्त झाला तर फुगा पातळ होऊन फुटतो. रेंगाळलात तर रस थिजतो. नळी हातात सतत फिरती हवी, नाहीतर गोळा एका अंगाला ओघळतो. तयार भांडं उघड्यावर ठेवलं तर तडकतं, म्हणून ते वेगळ्या भट्टीत सावकाश निववतात. हे पुस्तकातून येत नाही. कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

म्हणूनच पैसा फंडाची खरी कमाई मी माल मानत नाही, माणसं मानतो. इथे तयार झालेले कारागीर देशातल्या कितीतरी काच कारखान्यांत गेले. खुद्द वार्ष्णेयांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोईला कारखाना काढला.

जुन्या बाजारात हाताने फुंकलेली बाटली मिळाली, तर उलटी करून बुडावरून बोट फिरवा. मधोमध खरखरीत वण लागला, तर तिथे भांडं धरायला चिकटवलेली सळई कारागिराने तोडली होती. रोमन पेल्यांच्या बुडालाही असा वण सापडतो.