चंद्र मिनिटभरात किती पडतो?

अभिजात भौतिकी म्हणजे ढोबळमानाने गॅलिलिओपासून मॅक्सवेलपर्यंत, सतराव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उभे राहिलेले भौतिकशास्त्र. गती, गुरुत्वाकर्षण, उष्णता, वीज, चुंबकत्व, प्रकाश एवढा त्याचा पसारा आणि मूलतत्त्वे मात्र एका पानावर मावतील इतकी थोडी. शाळेत ही तत्त्वे सूत्रे होऊन भेटतात, परीक्षेपुरती पाठ होतात आणि मागे पडतात. विषय अवघड आहे म्हणून असे होत नाही. प्रत्येक नियमामागे एक प्रश्न होता, एक मोजमाप होते. ती दोन्ही गाळून आपल्या हाती नुसते उत्तर दिले जाते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने नियम त्याच्या मोजमापासकट घ्यावा, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

सुरुवात जडत्वापासून करावी, कारण सर्वांत मोठी उडी तिथेच आहे. बैल थांबले की गाडी थांबते. ढकलणे सोडले की पेटी जागच्या जागी राहते. गती टिकवायला सतत काहीतरी लावावे लागते, असे ॲरिस्टॉटलने मानले ते याच अनुभवावरून, आणि अनुभवाशी ते इतके जुळते की हा विचार जवळजवळ दोन हजार वर्षे टिकला. गॅलिलिओने वस्तू का हलते हे बाजूला ठेवले आणि तिचा वेग कसा बदलतो ते मोजायला घेतले. लाकडी तुळईत गुळगुळीत खाच पाडून, तिला चर्मपत्राचे अस्तर लावून, तुळई तिरपी करून त्याने तिच्यावरून कांस्याची गोळी सोडली. सेकंद अचूक मोजणारे घड्याळ तेव्हा नव्हते. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी पेल्यात धरायचे आणि ते तराजूत तोलायचे. पाण्याच्या वजनावरून वेळ कळे. दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट. १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात हे सारे वर्णन आहे. उतार जितका कमी तितका वेग सावकाश वाढतो. उतार अजिबात नसला आणि घर्षणही नसले, तर वेग बदलायला कारणच उरत नाही. म्हणजे कारण लागते ते गतीतल्या बदलाला, गतीला नव्हे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हा न्यूटनचा दुसरा नियम याच विचाराला गणिताची भाषा देतो.

आता चंद्राकडे वळू. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने विचारलेला एक प्रश्न असा : दगडाला खाली आणणारी ओढ आणि चंद्राला कक्षेत धरून ठेवणारी ओढ एकच आहे का? पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर चंद्रापाशी ती ३६०० पट क्षीण असली पाहिजे. ही ओढ नसती तर चंद्र सरळ रेषेत निघून गेला असता. त्या रेषेपासून तो पृथ्वीकडे जेवढा वळतो, तेवढे त्याचे ‘पडणे’. आजचे आकडे घेऊ. अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर, प्रदक्षिणेला २७.३ दिवस, म्हणजे वेग सेकंदाला एक किलोमीटरहून किंचित जास्त. मिनिटभरात चंद्र ६१ किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून सुमारे ४.९ मीटर आत येतो. हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात नेमका तेवढाच पडतो : ४.९ मीटर. मिनिटात सेकंद ६०, आणि अंतर वेळेच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तीच ओढ कायम राहिली असती तर मिनिटात ३६०० पट पडणे झाले असते. चंद्र तेवढ्या वेळात एकपटच पडतो, कारण तिथली ओढ ३६०० पट कमी आहे. गॅलिलिओच्या तुळईवरचा नियम असा थेट आकाशात लागू पडला. भौतिकशास्त्रात याहून सुंदर गणित मला ठाऊक नाही, आणि ते दहावीच्या गणितात बसते.

उष्णतेचे मोजमाप अधिक कष्टाचे होते. जेम्स जूलने १८४०च्या दशकात मँचेस्टरमध्ये, खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते अत्यंत नाजूक तापमापीने पाहिले. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोचे वजन सुमारे ४२७ मीटर खाली यावे लागते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अशा आकड्यांवर उभा आहे. मात्र तापलेले पाणी थंड होऊन ते वजन आपोआप वर उचलत नाही. ऊर्जा नष्ट होत नाही, पण उपयोगात आणण्याजोगी राहीलच असेही नाही. कार्नोने १८२४ मध्ये याचा पाया घातला आणि क्लाउझियसने पुढे एन्ट्रॉपीच्या संकल्पनेतून हे मांडले. काळाला दिशा आहे हे अभिजात भौतिकीत इथेच कळते. न्यूटनची मूळ समीकरणे मागे-पुढे सारखीच चालतात.

विजेच्या बाबतीत मोजमापाने दिलेले फळ तर कोणीच अपेक्षिले नव्हते. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये विद्युतभार मोजण्याच्या दोन एककांचे गुणोत्तर काढले. त्या प्रयोगात प्रकाशाचा संबंध कुठेही नव्हता. तरी आलेला आकडा वेगाचा होता, सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर, आणि तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाला अगदी लागून होता. प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर आहे, हा निष्कर्ष मॅक्सवेलने त्यातून काढला.

आइनस्टाइनने न्यूटनला खोटे ठरवले, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान मला मान्य नाही. ल व्हेर्ये या फ्रेंच गणितीची कामगिरी पाहावी. युरेनसच्या कक्षेतल्या विचलनावरून त्याने एका न दिसलेल्या ग्रहाची जागा न्यूटनच्याच नियमांनी काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाल या खगोलशास्त्रज्ञाला त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. त्याच ल व्हेर्येने १८५९ मध्ये दाखवून दिले, की बुधाची कक्षा हिशेबापेक्षा किंचित जास्त फिरते. आज तो फरक शतकाला ४३ विकला मानतात. विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. त्यासाठीही त्याने एक नवा ग्रह कल्पिला, तो कधीच सापडला नाही, आणि त्या ४३ विकलांचा उलगडा १९१५ साली आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षतावादाने केला. नियम कुठवर चालतो हे त्याच नियमाने काटेकोर हिशेब केल्यामुळे कळले. अणूंच्या जगात आणि प्रकाशाच्या जवळपासच्या वेगांना तो अपुरा पडतो. पूल, धरणे, इंजिने आणि बव्हंशी अंतराळयानांचे मार्ग आजही त्याच्याच भरवशावर आखले जातात.

या विषयात शिरण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. मजबूत दोऱ्याला एक जड नट बांधावा, टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर एक मीटर ठेवावी, थोडासाच झोका द्यावा आणि मोबाइलवर दहा पूर्ण हेलकाव्यांचा वेळ घ्यावा. तो वीस सेकंदांच्या आसपास येईल. दहाने भागून एका हेलकाव्याचा वेळ काढा, त्याचा वर्ग करा आणि त्याने ३९.५ला भागा. येणारे उत्तर म्हणजे तुमच्या घरातले गुरुत्वत्वरण, ते ९.८च्या किती जवळ आले, हे वहीत लिहून ठेवा आणि मग भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडा.