संगीताची लहान रंगभूमी

'संगीत नाटक' हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मखमली पडदा, ऑर्गनचे सूर, भरजरी शालू आणि 'वन्स मोअर'च्या गजरात उत्तररात्रीपर्यंत लांबणारा खेळ उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. मोजकी माणसे, झांजांची एक जोडी आणि चार हात जागा एवढ्या भांडवलावर उभे राहणारे संगीत नाटकही आपल्याकडे आहे. त्याची वंशावळ थोडक्यात वाचकांपुढे मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांच्या 'शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्यास दिनांक 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला. 1882 साली 'सौभद्र' आले. ह्या नाटकांनी महाराष्ट्राचा कान घडविला, ह्यात शंका नाही. पुढे 1913 साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि वैभवाचा कळस झाला. परंतु कळस जितका उंच तितका पायावरील भार मोठा. पद हे कथेचे अंग न राहता मैफलीचे निमित्त होऊ लागले आणि मंडळ्यांचा खर्च उत्पन्नास झेपेनासा झाला. 1932 साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट पडद्यावर गाऊ लागताच हा डोलारा डळमळला, ह्यात नवल ते काय?

पहिला जाणता प्रयत्न 'नाट्यमन्वंतर' ह्या संस्थेने केला. 1 जुलै 1933 रोजी तिने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे, मराठी रूप श्री. वि. वर्तक ह्यांचे. पदांची संख्या आवरली गेली. केशवराव भोळे ह्यांनी संगीत प्रसंगास जुळते ठेवले. ज्योत्स्नाबाई भोळे ह्यांच्यासारख्या स्त्रीने स्त्रीची भूमिका केली. नाटक एकांकी नव्हते, आणि ही संस्थाही फार वर्षे टिकली नाही. तथापि गाणे कमी केल्याने त्याचे मोल वाढते, हा धडा तिने घालून दिला. दुर्दैवाने पुष्कळांनी त्यातून उलटाच अर्थ घेतला. नवे नाटक म्हणजे गद्य नाटक, अशी समजूत रूढ झाली, आणि संगीत हे जुन्या पिढीच्या हळहळीपुरते उरले.

ही समजूत मोडण्याचे श्रेय पुण्याच्या तरुण मंडळींस द्यावे लागेल. 16 डिसेंबर 1972 रोजी विजय तेंडुलकर ह्यांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. पडदा नव्हता, माणसांचीच भिंत उभी राही, तीच नाचे, तीच गाई. भास्कर चंदावरकर ह्यांच्या संगीतात कीर्तन, लावणी, अभंग सारे एकत्र आले. वाद उसळला, आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबविले. तेव्हा कलावंतांनी 1973 साली थिएटर अकॅडमी स्थापून 1974 च्या जानेवारीत ते पुन्हा उभे केले.

त्याच संस्थेने 22 नोव्हेंबर 1974 रोजी सतीश आळेकर ह्यांचे 'महानिर्वाण' सादर केले. आमच्या विषयाशी ह्या नाटकाचा संबंध अधिक जवळचा आहे. कारण ते प्रथम एकांकिका म्हणून लिहिले गेले व जब्बार पटेल ह्यांच्या आग्रहावरून मागाहून वाढविले गेले. चाळीतले भाऊराव मरतात, आणि स्वतःच्या मरणावर स्वतःच कीर्तन करतात! जुने स्मशान बंद झाले, तरी दहन तेथेच व्हावे हा त्यांचा हट्ट. संगीत आनंद मोडक ह्यांचे. येथे गाणे थांबले तर कथाच थांबते. हा ऑर्गनच्या काळातील पदांहून मूलतः निराळा संबंध होय.

आता प्रश्न असा की ही नवी रीत आली कोठून? युरोपातून, असे म्हणण्याची चाल आहे, आणि नाट्यमन्वंतरापुरते ते खरेही आहे. परंतु हिंगोलीहून वाशिमकडे जाताना मराठवाड्याच्या शिवेवर कनेरगाव नाका हे गाव लागते. त्याच हिंगोली तालुक्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि वारकरी कीर्तनाचा उगम महाराष्ट्र नामदेवांपाशीच पाहतो. एक माणूस उभा राहतो. कधी निवेदक, कधी पात्र, कधी गायक होतो. मागे टाळकरी साथ करतात. कथा एका बैठकीत संपते. एकनाथांच्या भारुडात तर वेषही आला. ह्यास पडदा नको, नाट्यगृह नको. एकांकी संगीत नाटकाची व्याख्या ह्याहून वेगळी काय करावयाची? मखमली पडद्याची कंपनी अशा नाक्याच्या गावी क्वचितच उतरावी. कीर्तनकार मात्र उतरत आला. पुण्याच्या तरुणांनी नवल शोधून काढले नाही. विसरलेला वारसा ओळखला.

कीर्तनाचा असा उपहासासाठी वापर करणे हा भक्तीचा अवमान नव्हे काय, असे कोणी विचारील. आम्हांस तसे वाटत नाही. नाथांच्या भारुडांनी दांभिकांस हसूनच शहाणे केले. साधन तेच आहे, निशाण बदलले आहे.

खरी चिंता दुसरीच आहे. अशा नाटकास महाल लागत नसला तरी चार भिंती लागतात. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकांस आसरा दिला, आणि त्या शाळेचे नावच एका चळवळीस मिळाले. थोड्या भाड्यात मिळणारी एक खोली केवढे काम करू शकते, ह्याचा हा पुरावा होय. आपल्या गावोगावच्या शाळा सायंकाळी कुलुपात असतात. त्यांतील एक दिवाणखाना महिन्यातून एका संध्याकाळी उघडला आणि सुशिक्षित कुटुंबांनी सतरंजीवर बसण्याचा संकोच सोडला, तर संगीत नाटकाच्या नावाने उसासे टाकण्याची वेळ पुष्कळ कमी येईल.