पारख्यांचे दप्तर

1936 सालच्या फेब्रुवारीच्या 8 तारखेस फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या 9 संघांचे धनी एकत्र बसले, आणि महाविद्यालयांतून त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची जी सुमारे 90 नावे फळ्यावर मांडली होती, त्यांतून पाळीपाळीने 81 नावे त्यांनी आपापल्या पदरात पाडून घेतली. ही तजवीज फिलाडेल्फिया संघाचे धनी बर्ट बेल यांनी सुचविलेली. गतवर्षी जो संघ तळाला राहिला असेल त्याने प्रथम निवड करावी आणि विजेत्याने सर्वांत शेवटी, असा तिचा दंडक होता. पैशाच्या बळावर दोनचार संघांनीच सारी रत्ने गोळा करू नयेत हा त्यातील हेतू. स्वतः बेल यांचाच संघ त्या वर्षी तळाला असल्यामुळे पहिल्या निवडीचा मान त्यांना मिळाला, आणि त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर या तरुणाचे नाव उच्चारले. बरवँगरची कीर्ती देशभर होती. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूस जे हाइसमन पारितोषिक आज दिले जाते, त्याचा पहिला मानकरी तोच. पण मेहनतान्याचा मेळ बसेना, म्हणून त्याने रबराच्या व्यवसायात नोकरी पत्करली, आणि पहिल्या निवडीचा हा पहिला पुरुष एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. त्याचे बळ, चापल्य व नाव ही सर्व ठाऊक होती. हा धंदा करण्याची त्याची इच्छा किती, ही एकच गोष्ट त्या फळ्यावर लिहिलेली नव्हती.

आपल्याकडे फुटबॉल म्हणताच जो पायाने खेळावयाचा खेळ डोळ्यांपुढे उभा राहतो, तो हा नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. अमेरिकेत त्या नावाने चालणाऱ्या खेळात चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात अथवा फेकतात, आणि खेळ अखंड न वाहता काही सेकंदांच्या झटापटींनी पुढे सरकतो. त्या झटापटीत प्रत्येक गड्याचे काम निराळे आणि त्या कामाला लागणारे शरीरही निराळे. कोणी तीनशे पौंडांची भिंत होऊन उभे राहावे, कोणी हरणासारखे सुटावे, आणि क्वार्टरबॅक म्हणून जो चेंडू फेकतो त्याने चारी बाजूंनी अंगावर येणारी माणसे पाहत असताही डोके शांत ठेवावे. अशा खेळात माणूस निवडताना शरीराकडे पाहण्याचा मोह अनावर होतो यात नवल नाही. परंतु चेंडू कोठे पडणार हे फेकणाऱ्याचा खांदा वळताच ओळखणारी जी उपजत जाण, आणि हाड दुखावले असताही पुढच्या झटापटीला उभी राहणारी जी निष्ठा, ती वजनकाट्यावर कशी जोखावी, हा प्रश्न त्या फळ्यापासून आजवर या व्यवसायाच्या मागे लागलेला आहे; आणि माझ्या मते या व्यवसायाचा इतिहास म्हणजे त्या प्रश्नाचाच इतिहास होय.

आरंभीची वर्षे वर्तमानपत्री कीर्तीवर भागली. पुढे लॉस एंजेलिस रॅम्स संघाचे धनी डॅन रीव्ह्ज यांनी एडी कोटल नावाच्या जुन्या खेळाडूस केवळ पारख करण्यासाठी पूर्णवेळ नोकरीस ठेवले, आणि पारखी हा एक स्वतंत्र पेशा झाला. इतर संघ मोठ्या विद्यापीठांचीच दारे ठोठावीत असता या संघाने 1949 मध्ये लुइझियानातील ग्रँबलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून ‘टँक’ यंगर या धिप्पाड गड्यास करारबद्ध केले. अशा महाविद्यालयातून या संघमंडळात आलेला तो पहिला खेळाडू. याच संघाच्या कचेरीत 1952 साली डिक लेन नावाचा एक तरुण बोलावणे नसता, शिफारसपत्र नसता, आपल्याविषयीच्या कात्रणांची वही काखेत मारून आत शिरला. महाविद्यालयाचे एक वर्ष आणि लष्करी छावणीच्या संघातील खेळ एवढीच त्याची पुंजी, आणि विमानांच्या कारखान्यात तेलकट पत्रे उचलण्याचे काम नकोसे झाले ही त्याची निकड. त्या वर्षीच्या 12 सामन्यांत प्रतिपक्षाच्या 14 फेकी त्याने मधल्यामध्ये झेलल्या. पुढे हंगामातील सामने 16 झाले, 17 झाले. तो आकडा मात्र अद्याप कोणी ओलांडलेला नाही. लेनला शरीराची उणीव नव्हती, उंची व वेग दोन्ही होती. परंतु त्या कचेरीचे दार त्याने ज्या गुणावर उघडले तो गुण कोणत्याही टाचणात नोंदलेला नव्हता, हे मला विसरता येत नाही.

याच काळात क्लीव्हलंड येथे पॉल ब्राऊन हे प्रशिक्षक या खेळाला शाळेची शिस्त लावीत होते. खेळाडूंना वर्गात बसविणे, वह्या लिहावयास लावणे, बुद्धिमापनाच्या कसोट्या घेणे हा त्यांचा शिरस्ता. आणि 40 यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांची, धाव घड्याळ लावून मोजण्याची चालही त्यांचीच मानतात. त्या अंतराची उपपत्ती अशी सांगतात की, पायाने उंच उडविलेला चेंडू साधारण तितक्या अंतरावर पडतो, तेव्हा चेंडू खाली येईतो गडी तेथे पोचला पाहिजे. विशिष्ट कामासाठी योजलेले हे मोजमाप पुढे त्या कामापासून सुटले, सर्वच खेळाडूंच्या कपाळी चिकटले, आणि सेकंदाच्या दशांशावर माणसाची किंमत ठरू लागली.

या कथेतील मला सर्वांत प्रिय असलेला भाग टेक्सासातील डॅलस शहराचा आहे, आणि त्याचा धागा थेट आपल्या देशाशी जोडलेला आहे. डॅलस काउबॉइज हा संघ 1960 साली निघाला. त्याचे कारभारी टेक्स श्रॅम यांनी त्याच वर्षी स्क्वॉ व्हॅलीच्या हिवाळी ऑलिंपिकचे प्रक्षेपण करताना आयबीएमच्या संगणकांचे काम जवळून पाहिले होते. माणसे निवडण्याचे कामही त्या यंत्राकडून करविता येईल काय, या विचाराने ते त्या कंपनीच्या दारी गेले, आणि हे काम ज्यांच्याकडे आले ते गृहस्थ म्हणजे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी. कुरेशी यांना क्रिकेट ठाऊक होते. अमेरिकन फुटबॉलचा त्यांना गंधही नव्हता. श्रॅम आणि त्यांचे मुख्य पारखी गिल ब्रँट, जे पूर्वी तान्ह्या मुलांची छायाचित्रे काढण्याचा धंदा करीत, यांच्यासमोर हा परदेशी विद्वान बसला आणि त्याने मूळ प्रश्न विचारला: चांगला खेळाडू म्हणजे नेमके काय?

प्रथम जी यादी झाली तीत सुमारे 300 गुण निघाले. ती 80 वर आणली, आणि अखेरीस सर्व खेळाडूंना लागू पडतील असे 5 गुण शिल्लक राहिले: चारित्र्य, चापल्य व शरीरावरील ताबा, ईर्षा, बुद्धीची तरतरी, आणि बळ व त्याचा स्फोट. प्रत्येक पारख्याने या गुणांना 1 ते 9 असे अंक द्यावेत असे ठरले. पण मुख्य अडचण आली ती भाषेची. ‘चपळ’ या एका शब्दाने एक पारखी पायांचा वेग समजे, दुसरा अंगाचे लवणे समजे. कोणाचा हात सैल, कोणाचा आखडता. म्हणून कुरेशी यांनी सुटे शब्द टाकून वाक्ये योजली, आणि प्रत्येक पारख्याचा कल काय, कोण नेहमीच फार देतो व कोण कमी, याचाही हिशेब यंत्रात घातला. या पाच गुणांकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. फुटबॉलमध्ये संगणक आला आणि माणसाचे माप झाले अशी कथा सर्रास सांगितली जाते. परंतु त्या पहिल्या यंत्राला जे पाच प्रश्न विचारले गेले त्यांपैकी तीन अंतःकरणाविषयी व बुद्धीविषयी होते, आणि शरीराच्या वाट्याला दोनच आले होते. खेळ न जाणणाऱ्या त्या माणसाने खेळ जाणणाऱ्यांच्या तोंडून जे काढून घेतले ते हे होते.

त्या दप्तराच्या बळावर व त्याबाहेरही डॅलसने धाडसी निवडी केल्या. 1964 च्या निवडीत सातव्या फेरीत त्यांनी बॉब हेजचे नाव घेतले. त्याच वर्षी टोकियोत 100 मीटरचे सुवर्णपदक त्याने जिंकले, आणि दुसऱ्या वर्षी पहिल्याच हंगामात 12 टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, झेल घेऊन प्रतिस्पर्ध्यांना बचावाची रचनाच बदलावयास लावली. येथे निखळ वेगाने खेळ फिरविला, हे मान्य केलेच पाहिजे. कॉर्नेल ग्रीन तर महाविद्यालयात बास्केटबॉल खेळणारा; त्याने तेथे फुटबॉल खेळलेलाच नव्हता, आणि तो पुढे पाच वेळा सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यात निवडला गेला. प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी औद्योगिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, त्यामुळे या आकड्यांना घरातच कदर होती. 1966 ते 1985 अशी सलग 20 वर्षे या संघाने पराभवांहून अधिक विजय मिळविले.

तथापि ‘उपजत जाण’ आणि ‘बुद्धी’ हे शब्द पारख्याच्या हाती सोपविले की त्यांत त्याचे पूर्वग्रहही शिरतात, ही गोष्ट या इतिहासात दुःखाची आहे. क्वार्टरबॅकच्या जागेला विचार लागतो आणि तो कृष्णवर्णीय मुलांना पेलणार नाही, असे मानून कित्येक मुलांना त्या जागेवरून उठवून धावण्याच्या जागी लावण्यात आले. वॉरेन मून 1978 साली वॉशिंग्टन विद्यापीठाला मोठा सामना जिंकून देऊन बाहेर पडला, आणि सर्व फेऱ्या संपल्या तरी त्याचे नाव कोणी उच्चारले नाही. तो कॅनडात गेला, तेथे एडमंटनला सलग पाच अजिंक्यपदे मिळवून दिली, मग परत येऊन अमेरिकेतील कीर्तिमंदिरात स्थान मिळविले. घड्याळाला निदान माणसाचा वर्ण दिसत नाही. म्हणून जो डोळा मी वर वाखाणला त्याला मी निर्दोष म्हणणार नाही.

मापांचे राज्य खऱ्या अर्थाने आले ते 1982 नंतर. त्या वर्षी फ्लोरिडातील टँपा येथे 163 खेळाडूंना एकत्र बोलावून तपासण्यात आले. मूळ हेतू वैद्यकीय तपासणीचा, की प्रत्येक संघाने त्याच गुडघ्याचे स्वतंत्र चित्र काढू नये. 1987 पासून हा मेळा इंडियानापोलिसला भरतो. तेथे धाव, उडी आणि 225 पौंडांचे वजन किती वेळा उचलले, हे सर्व मोजतात. टोनी मँडरिच या आडदांड तरुणाने 1989 साली अशी मापे दाखविली की ग्रीन बे संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, आणि त्याच्या लगेच मागे बॅरी सँडर्स उभा होता. मँडरिच तेथे तीन हंगामांत मावळला. पुढे उत्तेजक औषधांची कबुलीही त्याने दिली. उलट 1985 साली जेरी राइसची धाव बेताची निघाली म्हणून तो सोळाव्या क्रमांकापर्यंत खाली आला, आणि 1,549 झेल घेऊन निवृत्त झाला. मापे खोटी असतात असे मी म्हणत नाही. ती हाताशी असतात आणि लवकर होतात, म्हणून ती पुढे आली. कुरेशी यांच्या पाच गुणांपैकी तीन मोजावयाला मुलाच्या गावी जावे लागे, त्याच्या प्रशिक्षकाशी बोलावे लागे, हरलेल्या सामन्यात तो कसा खेळला हे पाहावे लागे.

शेवटी 1982 सालचा 10 जानेवारीचा तो सामना. सॅन फ्रान्सिस्कोचे कँडलस्टिक पार्क, अंतिम सामन्याला कोण जाणार हे ठरावयाचे, डॅलस 27 व सॅन फ्रान्सिस्को 21, आणि एक मिनिटही उरलेले नाही. चेंडू सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक जो मोंटाना याच्या हाती होता; त्याला 1979 सालच्या निवडीत 82 वा क्रमांक मिळाला होता. त्या निवडीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत डॅलसच्या स्वतःच्याच तक्त्यावर उरलेल्यांत त्याचे नाव सर्वांत वर होते, पण घरी क्वार्टरबॅक पुरेसे आहेत म्हणून त्यांनी दुसराच गडी घेतला. मोंटानावर धावून आला एड जोन्स, 6 फूट 9 इंच उंचीचा, 1974 सालची देशातील पहिली निवड. मोंटानाने फेकीची हूल दिली, जोन्स उडाला, आणि त्याच्या हातांवरून जावा म्हणून चेंडू फार उंच गेला. मागच्या रेषेपाशी तो झेलावयाला उडाला ड्वाइट क्लार्क, 249 वा. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श क्लेमसन विद्यापीठात गेले होते ते दुसऱ्याच एका क्वार्टरबॅकला पाहावयास, आणि त्याच्या फेकी झेलावयाला त्याचा खोलीसोबती म्हणून हा आला होता. क्लार्कच्या शेजारी होता डॅलसचा एव्हरसन वॉल्स. धाव संथ म्हणून 12 फेऱ्यांत त्याला कोणी, डॅलसच्या यंत्रानेही, निवडले नव्हते. डॅलसने मागाहून घेतले, आणि त्या पहिल्याच हंगामात त्याने 11 फेकी झेलून सर्वांना मागे टाकले होते. त्या दिवशीही दोन झेलल्या होत्या. या वेळी तोही उडाला, त्याचा हात वर गेला, आणि क्लार्कची बोटे चेंडूला आधी लागली.