खेळाडू राखणी (प्रो कबड्डी)
प्रत्येक संघाला ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेत आपल्या आधीच्या, विशेषतः तरुण खेळाडूंशी पुढील हंगामासाठी करार चालू ठेवण्याची पद्धत. उदाहरणार्थ, अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगने १९८४-८५ च्या हंगामापासून वेतनमर्यादा लागू केली. तेथे पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला तिसऱ्या हंगामानंतर करारवाढीची बोलणी करता येतात. भारतात २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीत (पहा : कबड्डी) अशी खर्चमर्यादा लिलावाच्या थैलीतून, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायच्या ठरावीक रकमेतून येते. दहाव्या हंगामात ती संघामागे ५ कोटी रुपये होती.

राखलेल्या खेळाडूचे मानधन याच थैलीतून वजा होते; न राखलेला खेळाडू लिलावात जातो. तिथेही जुन्या संघाला ‘फायनल बिड मॅच’ कार्ड वापरता येते : दुसऱ्या संघाची शेवटची बोली लागली की कार्ड दाखवून त्याच किमतीत तो परत घेता येतो. ‘न्यू यंग प्लेअर’ गटातील नवोदित लिलावाबाहेर, कमी मानधनावर करारबद्ध होतात. थैलीचा खरा फायदा इथेच होतो.

दहाव्या हंगामासाठीच्या ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने निम्म्याहून अधिक थैली, २ कोटी ६०.५ लाख रुपये, एकट्या पवन सेहरावतवर खर्च केली; संघ तळाला राहिला. पुणेरी पलटणने (पहा : पुणे) मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांत घेतले, पण सोबतीला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही राखलेली तरुण फळी होती. इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले.