दोन अक्षरांचा माणूस

नाव मागे ठेवून जाण्याची आम्हा मंडळींना भारी हौस. देवळात डोक्यावर पंखा गरगरत असतो. वीज गेली आणि तो थांबला, की प्रत्येक पात्यावरचं एकेक अक्षर वाचता येतं : 'कै.', 'अमुकतमुक', 'यांचे स्मरणार्थ'. वीज आली की कैलासवासी पुन्हा दिसेनासे होतात आणि मगच वारा लागतो. बागेतल्या बाकावर नाव, पाणपोईवर नाव, धर्मशाळेच्या पायरीवर नाव. घरातल्या भांड्यांची तर गोष्टच सोडा. आमच्याकडे स्टीलचा एक डबा आहे. त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुंजीची तारीख आणि देणाऱ्या मामांचं सबंध नाव इतका मजकूर कोरलेला आहे. पुढेमागे कुणी संशोधक माझा इतिहास लिहायला बसला, तर त्याला एवढाच शिलालेख सापडेल. त्यालाही शेवयांचा वास येत असेल.

अशा या नामघोषाच्या मुलखात एका माणसाचं नाव लाखावर गाड्यांच्या पाठीवर बसून गावोगाव हिंडलं आणि ते माणसाचं नाव आहे याचा बहुतेकांना पत्ताच लागला नाही. गाडीचं नाव 'सुमो'. हे नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तो लंगोट लावलेला, अंबाड्यासारखे केस बांधलेला जपानी पैलवान उभा राहतो. गाडीचा देह पाहता हा गैरसमज क्षम्यच म्हटला पाहिजे. पण ही दोन अक्षरं जपानची नव्हेत. ती सुमंत मुळगावकरांची. सुमंतमधला 'सु' आणि मुळगावकरांमधला 'मो'.

मुळगावकरांत 'मो' कुठून आला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. त्याचं उत्तर असं, की हे नामकरण इंग्रजी स्पेलिंगावरून झालं. मराठीवरून झालं असतं तर गाडीचं नाव 'सुमु' पडलं असतं, आणि पेठेतल्या एखाद्या भाचीला हाक मारल्यासारखं वाटून ती कुणी घेतली नसती. इंग्रजीचे आपल्यावर जे थोडेफार उपकार आहेत, त्यांत हा एक धरावा.

मोटारींच्या दुनियेत नावाची रीत निराळी. जर्मनीत कार्ल बेंझनं १८८६ साली तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं आणि गाडीला सरळ आपलं आडनाव दिलं. अमेरिकेत फोर्डनं तेच केलं, पुढे जपानात होंडांनी तेच केलं. 'मर्सिडीज' हे तर एका मुलीचं नाव. येलिनेक नावाचे एक धनाढ्य गृहस्थ डाइमलरच्या गाड्या घेत आणि विकत. त्यांनी आपल्या लेकीचं नाव गाडीला लावायला लावलं. आपल्याकडे ही रीत असती तर रस्त्यातून 'मुळगावकर डीलक्स' धावल्या असत्या आणि पुण्यात लोक एकमेकांना विचारते झाले असते, "काय हो, तुमची मुळगावकर लिटरला किती देते?" ते झालं नाही हे एका परीनं बरंच. कारण गंमत अशी, की ज्या माणसाचं नाव या मोटारीला मिळालं, त्यानं ती मोटार केलेलीच नाही. त्यानं केलं ते त्याच्या आधीचं काम, आणि आधीच्या कामावर नाव घालायची सोय नसते.

सुमंत मुळगावकरांचा जन्म १९०६ सालचा, मुंबईचा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ते इंजिनिअर झाले आणि परत येऊन सिमेंटच्या धंद्यात शिरले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रं येईनाशी झाली, तेव्हा सिमेंटच्या कारखान्याची यंत्रसामग्री इथंच बनवण्याच्या खटपटीत हे गृहस्थ पुढे होते. विलायतेहून आलेलं यंत्र उघडायचं म्हटलं तरी हात जोडून उभं राहायचा तो काळ. त्या काळात हा माणूस म्हणे, यंत्रच आपण करू. असल्या माणसाला एकतर घरचे वेडा म्हणतात, नाहीतर टाटा बोलावून घेतात. १९४९ साली जे. आर. डी. टाटांनी त्यांना टेल्कोत आणलं.

टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. ती १९४५ साली जमशेदपूरला निघाली, पण मोटारींसाठी नव्हे, आगगाडीच्या इंजिनांसाठी. १९५४ साली तिनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी हातमिळवणी केली आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर काढला. तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी आणि मागे बहुधा 'हॉर्न ओके प्लीज'. हा संसार पंधरा वर्षांच्या कराराचा. १९६९ साली करार संपला, चांदणी उतरली आणि तिच्या जागी 'टी' हे अक्षर आलं. जावई गेल्यावर घर चालेल का, अशी काळजी सासरच्यांना पडते तशी इथं पडली नाही. कारण त्या पंधरा वर्षांत मुळगावकरांनी जावयाचं सगळं कसब घरातल्या पोरांना शिकवून ठेवलं होतं.

आणि मग पिंपरी.

आज ज्यांना पिंपरी-चिंचवड म्हणजे उड्डाणपुलांची गुंतवळ वाटते, त्यांना त्या वेळचा माळ डोळ्यांपुढे आणणं कठीण जाईल. चिंचवड ठाऊक होतं ते मोरया गोसावींच्या समाधीमुळे. पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ सालीच उभा राहिला होता, आकुर्डीला बजाजच्या स्कुटरी होऊ लागल्या होत्या. बाकी खडक, कुसळं आणि वारा. पुण्याचा माणूस दापोडीचा पूल ओलांडताना घरी सांगून निघायचा. नगरपालिका आली ती १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली. म्हणजे इथं कारखाने आधी आले आणि शहर मागून धावत आलं.

या माळावर १९६६ साली टेल्को आली. आता मोटारींचा कारखाना आला म्हटल्यावर तुमच्याआमच्यासारख्यानं काय केलं असतं? मुहूर्ताचा नारळ फोडून वर्षभरात एखादा ट्रक दारातून बाहेर काढला असता, त्याला हार घातला असता, फोटो छापून आणला असता. मुळगावकरांनी काय करावं? झाडं लावली! खडक फोडून, माती घालून हजारो झाडं. आवारात तळं केलं. बघणाऱ्यांना वाटलं असेल, साहेबांचा वनखात्याशी काही करार झाला की काय. झाडांबरोबर दुसरी लावणी केली ती पोरांची. दहावी-अकरावी झालेली खेड्यापाड्यांतली मुलं घेऊन त्यांच्या हाती कानस दिली आणि लोखंडाचा ठोकळा काटकोनात घासायला लावला. तिसरं काम, यंत्रं तयार करणाऱ्या यंत्रांचं आणि पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांचं. पुण्याच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ साली. अकरा वर्षांनी! एवढ्या काळात आमच्या सोसायटीचं पार्किंगमधल्या पट्ट्यांबद्दलसुद्धा एकमत झालं नव्हतं हे खरं, पण आम्ही त्या काळात काही तयारही करत नव्हतो.

या अकरा वर्षांचा हिशेब पुढे लागला. त्या कानस घासणाऱ्या पोरांतले कुणी फोरमन झाले, कुणी बाहेर पडून भोसरीला शेड टाकून कारखानदार झाले. लग्नाच्या बाजारात 'मुलगा टेल्कोत आहे' हे वाक्य उच्चारलं की पत्रिका बघायची राहून जायची. पहाटे कंपनीच्या बसेस निघाल्या की आमच्या आळीत दुधाची पातेली गॅसवर चढत. घड्याळाला किल्ली द्यायचा कुणी त्रास घेत नसे.

सगळंच काही दूरवरचं दिसलं असं नाही. तीस वर्षांनी सावली देईल असं झाड लावणाऱ्या या कारखान्याला मुलीसुद्धा इंजिनिअर होतात हे दिसलं नव्हतं. १९७४ साली नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असं चक्क छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या हुबळीच्या एका मुलीनं खवळून थेट जे. आर. डीं.ना पोस्टकार्ड टाकलं. कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं आणि घेतलं. पुढे सुधा मूर्ती म्हणून जग तिला ओळखू लागलं. मुंबईच्या कचेरीत या मुलीची जे. आर. डीं.शी ओळख करून दिली ती मुळगावकरांनीच. आपल्या कारखान्यात यंत्रांवर काम करणारी ही पहिली बाई, असं कौतुकानं सांगून.

मुळगावकरांची एक गोष्ट फार सांगितली जाते. दंतकथा म्हणूनच ऐका. दुपारी जेवायच्या सुट्टीत बाकीचे साहेब टेबलाशी बसत आणि हे मोटार घेऊन गायब होत. कुजबुज सुरू झाली. साहेब रोज पंचतारांकित हॉटेलात जेवतात, एखादा विक्रेता जेवू घालत असणार! म्हणून एक दिवस कुणीतरी पाठलाग केला. पाहतात तो काय, साहेब हमरस्त्यावरच्या ढाब्यात बाजेवर बसून ट्रकड्रायव्हरांबरोबर रोटी खाताहेत आणि विचारताहेत, की गाडीचं काय दुखतं, ब्रेक कसा लागतो, घाटात काय होतं. खरीखोटी देव जाणे. पण दंतकथा कुणाबद्दल निघावी यालाही काही नियम आहे. आमच्या ओळखीतल्या एका साहेबांबद्दलही, ते जेवायला कुठे जातात, अशी कुजबुज होतीच. पण तिचा शेवट ढाब्यावर झाला असं कुणी कधी म्हणालं नाही.

१९८६ साली या पूर्वतयारीची परीक्षाच झाली. टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी, माझदा अशी चार जपानी घराणी इथल्या कंपन्यांचा हात धरून छोटे ट्रक घेऊन उतरली. जपानी माल म्हटला की आपण बोटात धरून उजेडात बघायचे ते दिवस. टेल्कोनं घरीच आखलेला, पुण्यात बनवलेला '४०७' पुढे केला. त्या चार घराण्यांतली नावं आज आठवायला डोकं खाजवावं लागतं; ४०७ मात्र अजून गणपती आणायला आणि घरसामान न्यायला येतो.

१९८८ साली टेल्कोचं अध्यक्षपद रतन टाटांकडे गेलं आणि १९८९ च्या जुलैत मुळगावकर वारले. सुमो आली १९९४ साली. म्हणजे बारशाला नावाचा धनी हजर नव्हता. तीन वर्षांत, १९९७ साली, एक लाखावी सुमो कारखान्यातून निघाली.

तिला सुंदर म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. फडताळाला चाकं लावावीत तसा तो आकार. दोन लिटरचं डिझेल इंजिन, मागच्या दारावर टांगलेलं जादा चाक आणि आत समोरासमोरची बाकडी. त्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून चार तास बसलं की भाऊबंदकीतले जुने तंटे मिटत किंवा नवे निघत. कंपनी म्हणायची दहा माणसं. महाराष्ट्रानं हा आकडा केवळ सूचना म्हणून स्वीकारला. 'सुमो करून जाऊ' असं क्रियापदच झालं. सुमो करून अष्टविनायक, सुमो करून गणपतीपुळे, सुमो करून मुलगी बघायला. मुलगी बघायला सुमो करणाऱ्यांनी सगळ्यांनी एकदम उतरू नये. पलीकडचे लोक पोह्यांचा अंदाज चुकल्यानं हबकतात.

त्याच सुमारास आणखी एक मजा झाली. १९६९ साली गेलेला जर्मन जावई परत आला. १९९५ साली मर्सिडीज मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या त्या कुठे, तर पिंपरीला, टेल्कोच्याच आवारात. १९६६ च्या त्या झाडांच्या सावलीत! २००९ साली त्यांनी चाकणला स्वतःचा कारखाना बांधला आणि ते तिकडे गेले. पुण्यात एवढी चौदा वर्षं राहून भाडेकरूनं आपणहून जागा सोडली, याची इतिहासानं वेगळी नोंद घ्यायला हवी. चाकणला त्याच वर्षी फोक्सवॅगन आली, मागून महिंद्रा आली. पूर्वी जे गाव कांद्याच्या बाजारासाठी ठाऊक होतं, तिथं कानस धरता येणारे हात तयार मिळतात, हे त्या सगळ्यांना कुणी सांगायला लागलं नाही.

२०१९ साली सुमोचं उत्पादन थांबलं. प्रदूषणाचे आणि सुरक्षिततेचे नवे नियम तिच्या वयाला झेपणारे नव्हते. पण जुन्या सुमो अजून धावताहेत. चाकणच्या चौकात अशाच एका वडापच्या सुमोत मी बसलो होतो. गाडी भरेपर्यंत हलायची नाही, म्हणून ड्रायव्हरला या नावाची कुळकथा सांगितली.

"म्हंजे पैलवान न्हाई?" तो जरा हिरमुसला. "सायबाचं नाव व्हय! सायबानं गाडी लई झकास केली पण."

"गाडी त्यांनी नाही केली," मी म्हटलं. "ती त्यांच्या मागून आली."

"मग त्यांनी काय केलं?"

"गाडी करणारी माणसं केली."

त्यानं क्षणभर विचार केला आणि मागे वळून बघितलं.

"माणसं पायजेतच की, काका. सरका जरा तिकडं. अजून दोन शिटं बसत्यात."